आठवं इरलं

बुधवार, ५ जुलै १९४४

पोचलो! हाडं शाबूत आहेत, हीच आजची मोठी बातमी. कऱ्हाडपर्यंत आगगाडी, तिथून पाटणला कोळशावर चालणारी मोटार. लढाईपायी पेट्रोल मिळत नाही, म्हणून तिच्या पाठीला भट्टी बांधलेली. चढ आला की ड्रायव्हर आम्हा उतारूंना खाली उतरवी आणि आम्ही तिला ढकलत वर नेत असू. भाडं आम्ही दिलं की मोटारीने, हा प्रश्नच आहे! पुढे चार-साडेचार कोस पायी. न्यायला तात्याबा आले होते. माझ्याच वयाचे, म्हणजे पासष्टी ओलांडलेले. माझी ट्रंक डोईवर घेऊन वर मलाच म्हणतात, "मास्तर, दम लागला तर सांगा, तुमास्नीबी वर घेतो."

उंबरटेक हे बावीस उंबऱ्यांचं गाव डोंगराच्या खांद्यावर लेकरासारखं बसलं आहे. कर्ते पुरुष बहुतेक पलटणीत. इथला तरुण मास्तरही कारकून म्हणून भरती झाला आणि शाळा बंद पडली. विश्रामबागेत पेन्शन खात बसलेल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्याला विचारणा झाली तेव्हा सूनबाईंनी कपाळाला हात लावला. मी मात्र नवरदेवासारखा निघालो.

खरं कारण वेगळं आहे. वहीला सांगायला काय हरकत? माझी आई मनुबाई याच डोंगरांतली. कुठल्या गावची, ते मला कधी कळलं नाही. मी सहा वर्षांचा असताना ती गेली. मला ती 'सिद्धू' म्हणायची. तिच्यानंतर सगळ्यांचा सिद्धेश्वर झालो, पुढे मास्तर झालो, सिद्धू कुणाचाच राहिलो नाही. जात्यावर ती एक ओवी गायची. पहिली ओळ अजून कानात आहे:

डोंगराच्या आड गं, माज्या माहेराचा गाव...

दुसरी ओळ हरवली. चाळीस वर्षं पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या, आर्या, साकी, दिंडी सगळ्या बोटांवर खेळवल्या, पण 'गाव'चं यमक साठ वर्षं अधांतरी आहे. स्वतः रचून पाहिलं. दर वेळी ओळ मास्तरची होते, आईची होत नाही. ती ओळ इथल्या एखाद्या बाईच्या ओठावर असेल, एवढ्या आशेवर आलो आहे.

रॉकेल रेशनवर. तेव्हा रोजनिशी उजेड आहे तोवरच लिहायची.

शनिवार, ८ जुलै

शाळा भैरीच्या देवळात भरते. अकरा मुलं. हजेरी घेताना 'हजर' म्हणायला लाजतात, 'हाय जी' म्हणतात. मीही दुरुस्त केलं नाही, कानाला गोड लागतं.

माझी पथारी राहीबाईंच्या पडवीत. राहीबाई म्हणजे तात्याबांची भावजय, विधवा, बोलणं कमी आणि काम फार. त्यांचा एकुलता एक मुलगा सयाजी बर्माच्या आघाडीवर. घरात सून अंजना, एकोणीस-वीस वर्षांची, पाचवा महिना लागलेला. काल सयाजीचं पत्र आलं, ते मी वाचून दाखवलं. अंजना चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. पत्र संपल्यावर म्हणाली, मास्तर, मधलं जरा धुरानं ऐकू आलं न्हाई, पुन्यांदा वाचा. मी वाचलं. थोड्या वेळाने पुन्हा धूर झाला! तिसऱ्यांदा 'जिवाला जप' या वाक्याशी आलो तेव्हा राहीबाई बाहेरून म्हणाल्या, "आता चूल इझली तरी धूर हुईल." माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याने आलं की कशाने, कोण जाणे.

नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी, ताक. विश्रामबागेला यांतलं काही ठाऊक नाही.

सोमवार, १० जुलै

आज तात्याबांनी मला इरलं विणून दिलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पानांचे थर. डोक्यावरून पाठीवर घ्यायचं आणि खाली वाकायचं. पाऊस बाहेर, आपण आत. मी त्याच्याखाली वही धरून हे लिहितो आहे आणि एक थेंब पडला नाही. फिरती शाळाच म्हणायची!

मुलं शेतात, म्हणून शाळेला सुट्टी. वरच्या उतारावर नाचणीची लावण चालू आहे. सात जणी एका ओळीत वाकून रोपं खोवत मागे मागे सरकतात. तोंडं दिसत नाहीत, दिसतात फक्त सात इरली, डोंगर चढणाऱ्या कासवांसारखी. आणि गाणं! एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. मी बांधावर बसून लिहून घेत होतो. हरणाबाई म्हणून एक सत्तरीची आहे, तिची जीभ विळ्यासारखी. म्हणते, "मास्तर, आमी गातो तवा चिखल तुडवतो, तुमी नुसतं कागुद तुडवताय व्हय?"

एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी. शेतात या बायका एकमेकींना नावाने हाक मारत नाहीत. धुकं दाटलं की 'कूऽऽ' अशी आरोळी देतात, दुसरी 'कूऽऽ' देते, तेवढ्यावर सगळ्या घरी पोचतात. का, असं विचारलं तर राहीबाई म्हणाल्या, रानात नाव घ्यायचं न्हाई, रीतच हाय. आणि वावराच्या अगदी वरच्या कडेला एक पात, म्हणजे रोपांची एक ओळ, लावायची सोडून देतात. ती कुणाची म्हटलं तर हरणाबाई फटकन म्हणाली, "जिची तिची."

केवढं काव्य आहे या लोकांत!

मंगळवार, ११ जुलै

सकाळी ती सोडलेली पात लावलेली दिसली. रोपं मात्र उलटी. पानं चिखलात, मुळं वर आभाळाकडे. एका सरळ रेषेत शेदोनशे रोपं, अगदी नेटकी. मला वाटलं पोरांनी खोडी केली. तात्याबांना हसत दाखवलं, तर त्यांनी एकेक रोप उपटलं आणि ओढ्यात सोडून दिलं. हात धुतले, पुन्हा धुतले. पात पुन्हा रिकामी ठेवली.

सयाजीला उत्तर लिहिलं. अंजना म्हणाली, लिवा की सगळं बरं हाय, बाळ लाथा मारतंय, बापासारखं पलटणीत जानार दिसतंय.

गुरुवार, १३ जुलै

तीनदा लिहायला बसलो, तीनदा उठलो. आनंदाने, हे आधी लिहून ठेवतो.

दुपारी उतारावर धुकं उतरलं, दहा हातांवरचं दिसेना. बायका गात होत्या. मी सवयीने डोकी मोजली, मास्तरची खोड. आठ. पुन्हा मोजली. आठ इरली. आठवं वरच्या कडेला, त्या रिकाम्या पातीवर, बाकीच्यांहून थोडं काळपट, पानं कुजल्यासारखी. वाटलं, शेजारच्या वाडीची कुणी मदतीला आली असेल. आणि तेवढ्यात त्या आठव्या इरल्याखालून ओळ आली:

डोंगराच्या आड गं, माज्या माहेराचा गाव,
धुकं उतरलं वाटंवर, कुणी घ्या गं माजं नाव.

गाव, नाव! साठ वर्षं! आईचाच आवाज, तसाच शेवटी किंचित चिरकणारा. मी रडलो. मग लक्षात आलं, बाकी साऱ्या गप्प झाल्या आहेत. माना खाली. कुणी हलत नाही, फक्त पावसाचा आवाज.

मला वाटलं, परक्या बाईपुढे लाजल्या. त्यांना हसवावं म्हणून, आणि तिचं नाव कळावं म्हणून, मी वर्गातल्या सुरात हजेरीच सुरू केली. राहीबाई! उत्तर नाही. हरणाबाई! नाही. रंगुबाई, चंद्राबाई, बयाबाई, तानूबाई, कुणी नाही. अंजना! तर ती वेडी पोर खुदकन हसली आणि मुलांसारखी म्हणाली, "हाय जी!"

आठवीचं नाव मला माहीत नव्हतं. त्या क्षणी दुसरं कुठलंच नाव माझ्या जिभेवर नव्हतं. मी म्हटलं, मनुबाई.

वरच्या पातीवरून उत्तर आलं, "हाय."

राहीबाईंनी हातातली रोपं खाली टाकली आणि अंजनाच्या दंडाला धरून तिला ओढत खाली नेलं. हरणाबाई माझ्यापुढून गेली आणि माझ्या पायांशी थुंकली.

शुक्रवार, १४ जुलै

सकाळी शाळेत एकही मूल नाही. पडवीत माझ्यासाठी भाकरी नाही.

अंजनाला आज घरीच ठेवायचं ठरलं होतं. ती चुलीपाशी होती, मी पाहिली. राहीबाई गोठ्यात गेल्या, परतल्या तर चूल पेटलेली आणि ती नाही, तिचं इरलंही नाही. वावराकडे धावलो. तिथे बाकीच्या पाच जणी होत्या आणि सहा इरली होती. सहाव्याखाली वाकून कुणीतरी रोपं खोवत होतं. राहीबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं, हरणाबाईने हात ठेवून ते मिटलं.

सगळ्या तशाच रांगेने घरी आल्या. इरली उतरवून भिंतीला लावली. अंजनाचं इरलं अंगणात उभंच राहिलं. राहीबाईंनी ते दोन्ही हातांनी उचललं.

खाली कुणी नव्हतं. रोपांची एक जुडी उभी होती, मुळं वर. तिच्याभोवती अंजनाच्या हिरव्या बांगड्या.

शनिवार, १५ जुलै

माझी ट्रंक राहीबाईंनी पावसात नेऊन ठेवली. शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. मी आता देवळात आहे.

उतारावर दिवसभर शोधलं. धुक्यातून अंजनाचा आवाज येतो. "कूऽऽ" म्हणते. इकडून दिलं की तिकडून, तिकडे गेलं की आणखी वरून. दर वेळी थोडा लांब.

तात्याबा आले आणि उभ्यानेच सगळं सांगून गेले. फार पूर्वी धुक्यात घरी परतताना बायका नावं घेऊन एकमेकींना बोलावत. एका वर्षी एकीचं नाव घ्यायचं राहिलं. नवी सून होती, कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती वरच राहिली. पुढे गावाने तिचं नाव मुद्दामच विसरून टाकलं, कारण तिला कुणी बोलावलं तर ती घरी येणार आणि तिच्या जागी दुसरी मागे राहणार. तिला पात दिली, गाणं दिलं, पण नाव दिलं नाही. इतकी वर्षं तेवढ्यावर निभावलं.

मी म्हटलं, पण आवाज माझ्या आईचा होता. तात्याबा म्हणाले, "तिला आई न्हाई, लेक न्हाई, मास्तर. कुनी काय मनात धरून बसला आसंल तर त्येचा आवाज ती काढती. नाव तुमी दिलंत. ती मनुबाई झाली. आन् जिनं तुमच्या हजेरीला ओ दिली, ती ऱ्हायली."

रविवार, १६ जुलै

पाटणला जाऊन फौजदाराला कळवावं म्हणून निघालो. शिवेवर चौघी उभ्या होत्या, हातांत कोयते. रंगुबाईने नुसता रस्त्याकडे पाहून कोयता दगडावर घासला. म्हणाली, "आवं मास्तर, पोर माघारी आनली न्हाई तुमी? मग कुठं निगाला?"

परत आलो.

दुपारी देवळाच्या पायरीशी इरलं उभं होतं. पाठमोरं. काळपट, कुजलेल्या पानांचं. पाऊस पडत होता पण त्याच्यावरून पाणी ओघळत नव्हतं. त्याने पहिली ओळ म्हटली आणि थांबलं. दुसरी मी म्हणावी म्हणून. माझे ओठ हलले. देवाशपथ सांगतो, मी म्हटली नाही. पण म्हणावीशी वाटली.

सोमवार, १७ जुलै

हरणाबाई आली. भाकरी आणली, फेकली, पण आणली.

म्हणाली की अवसेच्या आत लावण उरकते. बुधवारी शेवटची पात. त्यानंतर कापणीपर्यंत वर कुणी जात नाही, मग अंजना आणि तिच्या पोटातलं, दोन्ही वरचेच. उपाय विचारला. म्हणाली, "नाव तुमी दिलं, तुमीच काढून घ्या. तिच्या पातीवर हुबं ऱ्हाऊन. मग पोरीला हाक मारा." मी म्हटलं, एवढंच? ती पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहून बोलली. "काढून घेतलेली जागा रिकामी ऱ्हात न्हाई, बाबा. तुमाला कुनी हाक मारली तर ओ देऊ नगा. देनार न्हाई न्हवं?"

नाही म्हणालो.

ती गेल्यावर वही उघडली. पहिल्या पानावर चिखल. अंगठ्याचा ठसा. 'सिद्धू' या शब्दावर.

ही वही मी कुणालाच—

मंगळवार, १८ जुलै

इरलं पायरीवर दिवसभर. आता एक पायरी वर आलं आहे.

आई देवाघरी गेली तेव्हा मी तिच्या तोंडात पाणी घातलं होतं. मीच. हे विसरायचं नाही. ही ती नाही. शंभरदा लिहीन. ही ती नाही. ही ती नाही.

राहीबाई दुरून जाताना दिसल्या. सयाजीचं नवं पत्र हातात होतं. वाचायला माझ्याकडे आल्या नाहीत. उलटंसुलटं धरून स्वतःच बघत होत्या.

ते पत्र अंजनाला तीनदा वाचून दाखवायला हवं. धूर होईल तितक्यांदा.

उद्या.

बुधवार, १९ जुलै. दुपार असावी

वरच्या पातीवर. इरल्याखाली बसून लिहितो. वही कोरडी आहे. धुकं इतकं की अक्षरं नाकाशी धरावी लागतात. लिहीत राहिलं की तोंड बंद राहतं, म्हणून लिहितो.

खाली सहा जणी शेवटची पात लावत आहेत. गात नाहीत.

इरलं पातीच्या दुसऱ्या टोकाला आहे. मागे मागे सरकत माझ्याकडे येतं आहे. रोपं खोवण्याचा आवाज. पच्. पच्.

हजेरी वहीत लिहिली. आठ नावं. शेवटचं खोडलं. मोठ्याने म्हणालो, मनुबाई तुझं नाव नाही, ते माझ्या आईचं आहे, ते मी परत घेतो.

आवाज थांबला.

मग मी हाक मारली. अंजना—

काही नाही.

अंजना, सयाजीचं पत्र आलंय गं—

"हाय जी." लांबून. मग जवळून. मग माझ्या कानाशी, धापा टाकत, "हाय जी, मास्तर, किती हाका मारल्या मी—" मी वर पाहिलं नाही. पाय दिसले. तिचेच, चिखलाने भरलेले, चांगले सुलटे. हातांत बांगड्या नव्हत्या. पोटावर हात. मी म्हटलं उतर खाली, मागे बघू नको, आरोळी दे.

"कूऽऽ" दिली तिने. खालून सहा जणींनी दिली. राहीबाईंचा आवाज मधेच फुटला. त्या रडत होत्या.

उतरते आहे. आरोळ्या खाली खाली. सात. मी मोजल्या. सातच. बरोबर.

आता मीही उठायचं—

गुडघे चिखलात. उठवत नाही. चिखल नाही, मुळं आहेत. वर आलेली मुळं, पायाला—

कुणीतरी हजेरी घेतं आहे. माझ्याच सुरात. नावं ओळखीची नाहीत. जुनी नावं. एकेक नाव, आणि धुक्यातून एकेक "हाय." किती जण आहेत वर—

ओ द्यायची नाही. हरणाबाईला शब्द दिला आहे.

इरलं समोर आहे. पाठमोरं. आता वळतं आहे. मी डोळे वहीवर ठेवले आहेत, वहीवर, वही—

गाते आहे. पहिली ओळ. दुसरी. शेवटी तसंच चिरकलं. तिसरी पण आहे! तिसरी ओळ होती, मला कधी माहीतच नव्हतं, आई तिसरी—

थांबली. मधेच.

"सिद्धू."

नाही.

"सिद्धू रं."

साठ वर्षांत कुणी

हाय, आ